फौंड्रीच्या सर्व्हरवर कोणतं व्हर्जन टाकू?

प्रश्न : मी कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव भागातल्या कारखान्यांच्या कॉम्प्युटर-नेटवर्कची एएमसी (वार्षिक देखभाल) बघतो. शिरोलीतल्या एका फौंड्रीचा सर्व्हर बदलायचा आहे. सध्या विंडोज सर्व्हर २०१२ आर२ आहे. ईआरपी म्हणजे कारखान्याच्या कामकाजाचं सॉफ्टवेअर (त्याचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २०१४ वर), टॅली, ड्रॉइंगचे शेअर फोल्डर आणि डोमेन (सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारी व्यवस्था), सगळं त्या एकाच मशीनवर. मालक म्हणतात, पैसे घालतोय तर सगळ्यात नवीन २०२५ टाक. ईआरपीवाले फोनवर म्हणतात, २०१९ टाका, बिनधास्त चालतंय. एक डीलर २०१६चं लायसन्स स्वस्तात देतोय. वीस-बावीस युजर आहेत, त्यातले सहा रिमोट डेस्कटॉपवर (आपल्या पीसीवरून थेट सर्व्हरवर काम करणारे). मशीन शॉपमधले दोन विंडोज एक्सपीचे पीसीही सर्व्हरवरूनच सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम घेतात. मॅडम, काय करू?

उत्तर : डीलरला आजच नाही म्हणून सांगा. २०१६चा सपोर्ट १२ जानेवारी २०२७ला संपतो. आपल्याकडचा कारखानदार सर्व्हर एकदा घेतला की सात-आठ वर्षं बदलत नाही. म्हणजे यंत्राचं निम्मं आयुष्यही व्हायच्या आत सिक्युरिटी पॅच बंद. त्यात २०१६ची कॅल (प्रत्येक युजर किंवा पीसीमागे लागणारं लायसन्स) २०२२ किंवा २०२५च्या सर्व्हरला चालत नाहीत, त्यामुळे पुढे पुन्हा खर्च. हाच हिशेब २०१९ला लावा : ९ जानेवारी २०२९. ईआरपीवाले २०१९ सुचवतात, कारण त्यांनी तेच तपासलेलं असतं. त्यांच्या सोयीचं उत्तर आहे ते, मालकाच्या सोयीचं नव्हे.

राहिले २०२२ आणि २०२५. पहिल्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०३१पर्यंत, दुसऱ्याचा २०३४पर्यंत. नुसत्या तारखा बघितल्या तर मालकांचं म्हणणं बरोबर ठरतं. पण व्हर्जन ठरवायचं ते त्यावर चालणाऱ्या सगळ्यात अडेल सॉफ्टवेअरवरून, आणि तुमच्याकडे ते ईआरपी आहे.

एसक्यूएल सर्व्हर २०१४चा सपोर्ट ९ जुलै २०२४लाच संपला. विंडोज सर्व्हर २०२२वर तो मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही, एसक्यूएल सर्व्हर २०१६सुद्धा बसत नाही. तेव्हा विंडोजच्या आधी डेटाबेसचं ठरवा. माझं मत, एसक्यूएल सर्व्हर २०२२ घ्या. जुना बॅकअप त्यावर थेट रिस्टोअर होतो आणि कंपॅटिबिलिटी लेव्हल १२०वर (म्हणजे २०१४सारखं वागायला) ठेवली की २०१४च्या काळात लिहिलेल्या बहुतेक क्वेरी जशा होत्या तशा चालतात. एक लक्षात असू द्या : एकदा तिकडे गेलेला डेटाबेस २०१४वर परत आणता येत नाही. मूळ बॅकअपची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवा. नवीन सर्व्हरला एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) असेल तर तिचा सेक्टर साइजही (डेटा लिहायच्या तुकड्याचा आकार) आधी बघा. एसक्यूएल सर्व्हरला ५१२ बाइट किंवा ४ केबीच चालतो. विंडोज सर्व्हर २०२२पासून काही डिस्क त्याहून मोठा आकडा सांगतात आणि इन्स्टॉलेशन मध्येच अडकतं.

मग ईआरपीवाल्यांना ई-मेल करा, फोन नको. दोनच गोष्टी विचारा : कोणत्या विंडोज सर्व्हरवर आणि कोणत्या एसक्यूएल सर्व्हरवर तुम्ही लेखी सपोर्ट देता? फोनवरच्या ‘चालतंय’ला काही किंमत नाही. गाड्यांचे पार्ट घेणाऱ्या कंपनीचा ऑडिटर येऊन एखादं कास्टिंग कोणत्या हीटचं (भट्टीच्या कोणत्या घाण्याचं) म्हणून विचारतो आणि रेकॉर्ड उघडत नाही, तेव्हा फोनवर बोललेला माणूस तिथं नसतो.

उत्तर येईपर्यंत थांबायची गरज नाही. लायसन्स २०२५ स्टँडर्डचंच घ्या, कॅलही २०२५चीच घ्या, आणि इन्स्टॉल मात्र २०२२ करा. ओईएम (मशीनसोबत येणारं) आणि व्हॉल्यूम (वेगळं घेतलेलं) दोन्ही लायसन्समध्ये जुनं व्हर्जन वापरायचा हक्क मिळतो आणि नवीन कॅल जुन्या सर्व्हरला चालतात. ईआरपीवाल्यांचा लेखी होकार आला की २०२५वर जाताना विंडोजचा पैसा पुन्हा लागणार नाही. मालकांनाही हे पटेल, कारण बिलावर त्यांना हवा तोच आकडा दिसेल. फक्त कोटेशन घेताना २०२२चा मीडिया (इन्स्टॉलेशनच्या फाइली) मिळणार का, ते लिहून घ्या.

२०२५ वाईट आहे असं मी म्हणत नाही. उद्या कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नवं ऑफिस उघडलं आणि तिथं जुनं काहीच नसेल, तर मी २०२५च टाकेन. पण २०२५चा डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारा सर्व्हर) रीस्टार्ट झाला की फायरवॉलला डोमेन प्रोफाइल (ऑफिसच्या नेटवर्कसाठीचे नियम) लागायचाच नाही, आणि त्याची दुरुस्ती जून २०२५मध्ये आली. जिथं रात्रपाळीला मेल्टिंग चालतं तिथं अशा गोष्टी दुसऱ्यांनी आधी भोगून झालेल्या बऱ्या. शिवाय २०२५चा डोमेन कंट्रोलर उभा करायला डोमेनची फंक्शनल लेव्हल (डोमेन कोणत्या व्हर्जनच्या पातळीवर चालतं ती) किमान २०१६ लागते. तुमच्याकडे फक्त २०१२ आर२चा कंट्रोलर आहे, त्यामुळे तिथं थेट उडी मारताच येत नाही. २०२२सारखा मधला कंट्रोलर आधी जोडावाच लागेल. तो जोडण्यापूर्वी सिसव्हॉल (डोमेनचे नियम ठेवणारा फोल्डर) एफआरएसवर आहे की डीएफएसआरवर (कंट्रोलरमध्ये त्याच्या प्रती जुळवायची जुनी आणि नवी पद्धत), ते बघून घ्या. डोमेन २००३च्या काळात सुरू झालेलं असेल तर एफआरएस सापडण्याची शक्यता दाट, आणि २०२२ला ते चालत नाही.

सगळं एकाच विंडोजवर ठेवायची सवय या निमित्ताने मोडा. स्टँडर्ड लायसन्समध्ये कमीत कमी १६ कोर मोजतात आणि होस्टवर (मूळ मशीनवर) फक्त हायपर-व्ही (एका मशीनवर अनेक विंडोज चालवायची सोय) चालवला तर दोन व्हर्च्युअल मशीन मिळतात. एकावर डोमेन आणि फाइल, दुसऱ्यावर ईआरपीचा डेटाबेस आणि टॅलीचा रिमोट डेस्कटॉप. टॅलीसाठी तिसरं वेगळं मशीन मला जास्त आवडेल, पण त्याला स्टँडर्डचा आणखी एक संच लागतो. वीस-बावीस युजरसाठी मालकांवर तो भार मी घालणार नाही.

रिमोट डेस्कटॉपच्या सहा जणांसाठी साधी कॅल तर लागतातच, वर आरडीएस (रिमोट डेस्कटॉपची) कॅल वेगळी लागतात. हे कोटेशनमधून हमखास गळतं. रिमोट डेस्कटॉपचा रोल टाकल्यावर १२० दिवस कुणी काही विचारत नाही, नंतर एके सकाळी अकाउंट्सचं कुणीच लॉगिन होत नाही.

आता ते एक्सपीचे पीसी. त्यांना फक्त एसएमबी१ (नेटवर्कवर फाइल शेअर करायची जुनी पद्धत) येतं, आणि विंडोज सर्व्हर २०१९पासून ते आपोआप इन्स्टॉल होत नाही. चालू करता येतं, पण करू नका. मे २०१७मध्ये वॉनाक्राय व्हायरस याच दारातून जगभर पसरला, आणि त्याच डिस्कवर तुमचं जीएसटीचं रेकॉर्ड असणार. सीएनसी मशीनचा कंट्रोल बदलायचा म्हणजे लाखोंची गोष्ट, म्हणून एक्सपी फेकून द्या असंही मी सांगणार नाही. ऑफिसमधला एखादा निवृत्त पीसी घ्या, त्यावर लिनक्स आणि सांबा (लिनक्सवरून विंडोजला फाइल शेअर करणारं सॉफ्टवेअर) टाका, एसएमबी१ फक्त तिथं चालू ठेवा. त्याला मशीन शॉपच्या वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) ठेवा आणि इंटरनेट देऊ नका. मुख्य सर्व्हरवरून प्रोग्रॅमच्या फाइली तिकडे ढकला, उलट दिशेने काही येऊ देऊ नका.

बदल दिवाळीच्या सुट्टीत करा. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कुठलंही मशीन उघडू नका, दुसऱ्या दिवशी पूजेला सगळं चालू लागतं. पावसाळ्यात तर नकोच. २०१९ आणि २०२१ला पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ हायवे बंद होता. तुम्ही शहरात आणि सर्व्हर पलीकडे, अशी वेळ येऊ शकते. त्यासाठी बॅकअपची एक प्रत एमआयडीसीच्या बाहेर हवी आणि सर्व्हरचा रॅक तळमजल्यावर नको.

प्रश्न : राजारामपुरीतल्या एका क्लासची प्रवेश आणि फीची वेबसाइट सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर आहे. नवीन लिनक्स म्हणून उबुंटू २४.०४ घ्यावं की अल्मालिनक्स ९?

उत्तर : सेंटओएस ७चा सपोर्ट ३० जून २०२४ला संपला, त्यामुळे लवकर हला. पण आधी कोड उघडा. सेंटओएस ७सोबत पीएचपी (वेबसाइट लिहायची भाषा) ५.४ येतं, अल्मालिनक्स ९सोबत ८.०, उबुंटू २४.०४सोबत ८.३. कोडमध्ये ‘मायएसक्यूएल_कनेक्ट’सारखी डेटाबेसला जोडणारी जुनी फंक्शन असतील तर ती पीएचपी ७.०मध्येच काढून टाकली आहेत, दोन्हीकडे साइट पडेल. ती दुरुस्त होणार असतील तर अल्मालिनक्स ९ घ्या. कमांड आणि फोल्डर तुमच्या ओळखीचे राहतील आणि २०३२पर्यंत बघावं लागणार नाही. उबुंटू २४.०४ला नेहमीचे मोफत अपडेट २०२९पर्यंतच मिळतात. नवीन सर्व्हर शेजारी उभा करा, साइट तिथं चालवून बघा, फीच्या पावत्या जुळल्या की मगच साइटचं नाव (डोमेन) नव्या सर्व्हरकडे वळवा. प्रवेशाचा हंगाम जूनमध्ये असेल तर मेच्या आत उरका.