टोरेंटवरून फाइल उतरवणं सुरक्षित आहे का? व्हायरस येतो का, केस होते का?

टोरेंट हे नुसतं वाहतुकीचं साधन आहे, फाइल तुकड्यातुकड्याने इतर लोकांच्या कॉम्प्युटरवरून तुमच्याकडे आणणारं. उबुंटू (विंडोजसारखी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) किंवा लिबरऑफिस (मोफत ऑफिस सॉफ्टवेअर) त्यांच्याच साइटवरच्या टोरेंटने बिनधास्त उतरवा, मीही तेच करतो. भानगड असते ती अनोळखी माणसाने चढवलेल्या फाइलची.

बिटटोरेंट, म्हणजे टोरेंटमागची यंत्रणा, प्रत्येक तुकड्याचा हॅश (तुकड्यावरून काढलेला ओळख-आकडा) जुळवून बघते, म्हणून फाइल 'तपासलेली' असते असं बऱ्याच जणांना वाटतं. पण हॅश एवढंच सांगतो की चढवणाऱ्याने जे दिलं तेच तुमच्याकडे आलं. त्याने विष दिलं असेल तर विषही बिनचूक पोचतं! विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट (एक्स्टेन्शन, म्हणजे शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं) लपवतं, ते आधी दिसेल असं करा. सिनेमाच्या नावामागे 'ईएक्सई' (म्हणजे सिनेमा नव्हे, प्रोग्राम) निघालं तर उघडूच नका. 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं सांगणारा क्रॅक (विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवण्याची फाइल) तर सरळ डिलीट.

टोरेंटचं ॲपही अधिकृत साइटवरूनच घ्या. अर्थात मार्च 2016 मध्ये ट्रान्समिशन या टोरेंट ॲपच्या अधिकृत साइटवरच्या मॅक आवृत्तीतच केरेंजर हे खंडणीखोर मालवेअर घुसलं होतं, पण तो अपवाद.

केसचं म्हणाल, तर उतरवता उतरवता तुम्ही तीच फाइल इतरांना वाटतही असता आणि तुमचा आयपी पत्ता (इंटरनेट कनेक्शनचा नंबर) त्या सगळ्यांना दिसतो. फाइल कॉपीराइटची असेल आणि परवानगी नसेल, तर कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 63 मध्ये 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे. व्हीपीएन (तुमचं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) पत्ता झाकतं, व्हायरस अडवत नाही.