स्टॉकहोम फर्निचर फेअरला पहिल्यांदाच जाताय?

नावावर जाऊ नका, काच, माती, कापड सगळं असतं तिथे. पण पहिल्याच दिवशी सगळे हॉल पालथे घालू नका. पायांचे तुकडे पडतात आणि लक्षात काही राहत नाही. आधी ग्रीनहाउस विभाग गाठा. नवे डिझायनर तिथे असतात, मोकळेपणाने बोलतात.

- हात लावण्याआधी विचारा. होकार मिळाला की वस्तू उलटी करून तळ बघा: फुंकलेल्या काचेवर, ती घडवताना धरलेली सळई तोडल्याची खूण किंवा ती घासून केलेला गुळगुळीत खळगा, मातीच्या वाडग्याला ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) न लागलेली कड. निम्मी कारागिरी तिथेच कळते.
- घासाघीस नको.

खरेदीच करायची तर शहरातल्या स्लुसेन भागाजवळचं ‘कॉन्स्टहांटवेर्कार्ना’ हे हस्तकलेचं दुकान गाठा. १९५१ पासून कारागीरच ते चालवतात.