बर्फातली पहिली सहल

प्रश्न : जानेवारीत आई-बाबांना घेऊन स्वतःच्या डिझेल गाडीने मनाली, अटल बोगदा, सिस्सू करायचंय. बर्फात कधीच गाडी चालवलेली नाही. काय जपू?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : जरूर जा. २०२० मध्ये सुरू झालेल्या त्या नऊ किलोमीटरच्या बोगद्यातून पलीकडे निघालात की समोर लाहौलचं पांढरंशुभ्र खोरं, त्यातलंच एक गाव सिस्सू. आई-बाबांना ते दाखवायलाच हवं.

साचलेला बर्फ निदान दिसतो. खरी धास्ती सावलीतल्या वळणांची. डांबरावर काचेसारखा पातळ थर असतो आणि रस्ता नुसता ओला वाटतो. तिथे ब्रेक मारलात की गाडी घसरलीच. आधीच वेग कमी करा, दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरा.

सिस्सूला मी सवयीने हँडब्रेक ओढून झोपलो. सकाळी तो गोठलेला! ऊन येईपर्यंत चाक हललं नाही. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकामागे दगड लावा. कडाक्याच्या थंडीत डिझेलमध्येही मेणासारखे कण धरतात, फिल्टर तुंबतो.

म्हणून माझं ऐका, तुमची गाडी मनालीतच ठेवा. पुढे फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी, आणि तिथलाच ड्रायव्हर घ्या. सिस्सू दहा हजार फुटांवर आहे. आई-बाबांना दम लागला, तर लगेच खाली या.