आधी रजिस्टर उघड

अगं बाळा,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला आणि माझा चहा गार झाला. इथल्या कोलोरॅडोतल्या म्युझियमचा बोर्ड करायचाय, ‘शाळेचा पहिला दिवस, 1915’, फोटोत पोरं 19 आणि रजिस्टरात नावं 31, मग खरा आकडा कुठला म्हणून तू अडलीयेस. अडलीस ते बरं झालं, पण फोटो आधी पाहिलास ना, घोटाळा तिथेच झाला. आधी रजिस्टर उघड. फोटो नंतर.

फोटो काय, जी आली त्यांचा. वेण्याबिण्या घालून, मास्तरणीच्या बाजूला. पोरं अनवाणी आहेत म्हणतेस, म्हणजे थंडी पडलेली नाही, म्हणजे उरलेली 12 अजून शेतात, साखरेच्या बीटच्या काढणीला. त्यांचेही फोटो आहेत गं, फक्त शाळेत नाहीत. त्याच 1915 मधे फोटोग्राफर लुईस हाइन बालमजुरीविरुद्ध लढणाऱ्या नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी कोलोरॅडोत फिरला, स्टर्लिंगच्या शेतांतली पोरं बघ, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट आहेत. त्यांच्या हातातला कोयता नीट बघ, लांब पातं आणि टोकाला वाकडा आकडा, आकड्याने बीट उचलायचं, गुडघ्यावर टेकवायचं आणि वरचा पाला एका घावात छाटायचा, नेम चुकला तर आकडा थेट पायात. आणि हे काम सप्टेंबरअखेरीपासून पार नोव्हेंबरात जमीन गोठेपर्यंत. तू सप्टेंबरची घंटा रंगवतेयस, ती त्यांना ऐकू तरी गेली असेल का?

कोलोरॅडोतच लव्हलँडला 1901 मधे बीटचा साखर कारखाना सुरू झाला, पाठोपाठ ग्रीलीला, फोर्ट कॉलिन्सला. व्होल्गाकाठची जर्मन बोलणारी माणसं रशियातून येऊन बीटवर राबायला लागली. ठराव एकरी आणि अख्ख्या कुटुंबाशी. एकरी ठराव म्हटला की पोरांचे हात त्यात धरलेलेच.

ओळखीचं वाटतंय? मला वाटायला हवं होतं. माझे वडील बीड जिल्ह्यात मास्तर होते. दसरा झाला की वर्ग अर्धा रिकामा, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पोरं बैलगाडीत भांड्याकुंड्यांवर बसून कारखान्याच्या वाटेला. वडील हजेरी घेताना गेलेल्यांची नावंही पुकारायचे, जरा थांबायचे, मग पुढचं नाव. आम्ही मागे बसून खिदळायचो.

एवढं डोळ्यांनी बघून मी काय केलं? बावीस वर्षांपूर्वी इथे कोलोरॅडोतल्याच एका शाळेच्या शंभरीला प्रदर्शन होतं, मजकूर माझ्याकडे. मी झोकात लिहिलं, सप्टेंबर उजाडला की सगळं गाव शाळेत लोटायचं. उद्घाटनाला एक आजी आल्या, पंच्याऐंशीच्या पुढच्या. बोर्ड दोनदा वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, मी कधीच सप्टेंबरात गेले नाही, मी नोव्हेंबरात जायचे. मागे पडत पडत बाराव्या वर्षी तिसरीत होत्या. बाक लहान पोरांच्या मापाचे, लोखंडी पायांचे, जमिनीला स्क्रूने ठोकलेले, गुडघे खालून फळीला लागायचे. हे सांगताना त्या गुडघा चोळत होत्या.

आता माझीही बाजू ऐकून घे. मुदत आठ दिवसांची होती, कमिटीला हसरं गाव हवं होतं, मी त्यांच्यात एकटीच बाहेरची, भांडायचं कुणाच्या जिवावर? आणि फोटोपुरतं ते खरंच होतं, मी खोटं लिहिलं नव्हतं. रजिस्टर कपाटात होतं. किल्ली मागितली असती तर मिळाली असती. मागितली नाही. म्हणून तुझ्या डोक्याशी बसलेय, आधी रजिस्टर उघड.

तुझा गाइड म्हणेल, शाळेच्या सक्तीचे कायदे होते की. होते. 1918 मधे मिसिसिपीने केला तेव्हा एकही राज्य उरलं नाही. पण 1916 चा केंद्राचा बालमजुरी कायदा कारखान्या-खाणींपुरता होता, शेती त्यात नव्हतीच, आणि तोही सुप्रीम कोर्टाने 1918 मधे उडवला. 1910 मधे अमेरिकेत अठरा वर्षांच्या शंभरांत जेमतेम नऊ पोरं हायस्कूल पुरं करत होती, तेव्हा कायदा सांगून बोर्ड भरू नकोस. उन्हाळ्याची सुट्टी शेतीसाठी होती, हेही कुणीतरी छातीठोक सांगेल, त्याला विचार बीटची काढणी जुलैत होते का.

आणि ‘पहिला दिवस’ हे शीर्षक काढ. किंवा राहू दे, पण खाली प्रत्येक नावापुढे त्याची पहिली हजेरी कुठल्या तारखेची ते लिही, एकतीसच्या एकतीस. बोर्ड कंटाळवाणा होईल म्हणतील. होऊ दे की. मला म्हातारीला भांडायला बोलाव, आता मला कुणाची भीती नाही.

गुरुवारी जाशील तेव्हा ऑक्टोबरचं पान मोबाइलवर काढून पाठव, फ्लॅश मारू नकोस, जुनी शाई असते. ती 12 नावं मला फोनवर वाचून दाखव. मास्तरणीने ती कानाला आली तशी लिहिलेली असणार, एकाच घरातली भावंडं तुला दोन आडनावांची दिसतील.

तुझी,
मावशी