डिस्क बदलण्याआधी पिना बघ

मित्रा, बाइकला फ्लोटिंग डिस्क बसवायची म्हणतोस, पण ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती, बदलायची घाई नको. फ्लोटिंग डिस्क मधल्या कॅरियरवर (चाकाला जोडलेल्या भागावर) बटणांनी बसवलेली असते. ती किंचित खुळखुळते, तो बिघाड नव्हे. रोजच्या दीडशे सीसीच्या गाडीला फिक्स्ड डिस्क, म्हणजे न हलणारी एकसंध डिस्क, पुरते.

तू लक्ष घाल फ्लोटिंग कॅलिपरकडे, म्हणजे दोन पॅडांनी डिस्क चिमटीत धरणाऱ्या भागाकडे. त्यात पॅड ढकलणारा पिस्टन एकाच बाजूला, आणि अख्खा कॅलिपर पिनांवर सरकतो. पिना सुकल्या की एक पॅड झिजतो, दुसरा जवळपास नवाच राहतो. नवखे इथे चुकतात:

- पिनांना साधं ग्रीस लावतात, मग रबर फुगतं. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस घे.
- सोडवलेला कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळत ठेवतात. तारेने बांध.
- पॅड काढल्यावर लिव्हर दाबतात. मी दाबला होता. पिस्टन बाहेर, ब्रेक ऑइल बुटावर!

पॅड बसवल्यावर लिव्हर कडक होईपर्यंत दाब, मगच गाडी हलव.