शेतकऱ्यांचे प्रश्न : भातखाचरातली माती वाहून जाते

प्रश्न : कर्जत तालुक्यात उतारावर आमची वीस गुंठे भातखाचरे आहेत. चिखलणीनंतर (लावणीसाठी खाचरात चिखल केल्यावर) जोराचा पाऊस झाला की बांध फुटतो आणि गढूळ पाणी ओढ्याला जाते. उपाय सुचवावा.

उत्तर : चिखलणीत मातीचे कण सुटे होऊन पाण्यात तरंगतात, त्यामुळे त्या वेळी बांध फुटला तर खाचरातली सर्वांत सुपीक माती आधी जाते. म्हणून बांध पोकळ करणारी खेकड्यांची बिळे उन्हाळ्यातच चोपून बुजवावीत आणि जादा पाण्यासाठी दगडी सांडवा ठेवावा. बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे झाड लावल्यास मुळे माती धरतात व कोवळा पाला चिखलणीपूर्वी खाचरात गाडता येतो. राबासाठी (रोपांची जागा पेरणीपूर्वी भाजण्यासाठी) पालापाचोळा जाळण्यापेक्षा तो कुजवणे मला कितीतरी हिताचे वाटते.

आपल्याच तालुक्यात, नेरळजवळ, चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा भात तंत्र अवश्य पाहावे. त्यात कायम गादीवाफ्यांवर (उंच वाफ्यांवर) टोकणणी करतात, म्हणजे बी थेट टोचून पेरतात, चिखलणी व लावणी टळते आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू देतात. कुजलेल्या मुळांच्या पोकळ्यांतून हवा-पाणी खेळते. मात्र तणनाशक वापरावे लागते, तेव्हा पहिल्या वर्षी दोन-तीन गुंठ्यांवरच प्रयोग करावा.