मेल पाठवण्याआधीच समोरचा पत्ता खरा आहे का, हे सर्व्हरला तपासायला लावता येतं का?

ऑफिसात पोस्टफिक्स (मेल पाठवणारं-घेणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) आहे, लोक पत्ता टाइप करताना चुकतात आणि मेल परत येतात. मग सर्व्हरनेच आधी खात्री करून घ्यावी, असं तुम्हाला हवंय.

तशी सोय आहे. पोस्टफिक्सच्या 2.1 आवृत्तीपासून ‘रिजेक्ट_अनव्हेरिफाइड_रिसिपियंट’ नावाची अट मिळते. पण बाहेरच्या सगळ्या पत्त्यांसाठी ती कृपा करून चालू करू नका.

ती लावली की तुमचा सर्व्हर समोरच्या सर्व्हरशी जोडणी करतो, ‘मेल फ्रॉम’ म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता देतो, मग ‘आरसीपीटी टू’मध्ये तपासायचा पत्ता देतो आणि उत्तर मिळताच मजकूर न पाठवता निघून येतो. 250 आलं तर पत्ता चालतो, 550 आलं तर नाही. मूळ सेटिंगमध्ये होकार 31 दिवस आणि नकार 3 दिवस साठवला जातो.

आता हेच समोरच्या बाजूने बघा. कोणीतरी सारखं येऊन पत्ते विचारतंय, मेल मात्र देत नाही. स्पॅमवाले पत्ते गोळा करताना नेमकं हेच करतात. तुमचा आयपी काळ्या यादीत गेला तर बरोबर पत्त्यांवरचे मेलही अडकतील. शिवाय काही सर्व्हर कुठल्याही पत्त्याला 250 म्हणतात आणि नंतर बाऊन्स करतात, म्हणजे मेल परत पाठवतात. ग्रेलिस्टिंग (अनोळखी सर्व्हरला आधी ‘नंतर या’ म्हणण्याची पद्धत) असेल तर पहिल्यांदा 450, म्हणजे तात्पुरता नकार, येतो, आणि पत्ता बरोबर असूनही तुमच्या माणसाला आउटलुकमध्ये एरर दिसते. सगळ्यात वाईट म्हणजे, एक अक्षर चुकलं की पुष्कळदा दुसऱ्याच कोणाचा तरी खरा पत्ता तयार होतो. तपासणी त्यालाही होकारच देणार, आणि तुमचं कोटेशन परक्या माणसाकडे जाणार.

ही अट शोभते ती स्वतःच्या गेटवेवर, म्हणजे बाहेरून येणारे मेल आधी घेणाऱ्या सर्व्हरवर, जिथे मागे तुमचाच एक्स्चेंज वगैरे मेल सर्व्हर असेल. नसलेल्या पत्त्यांचे मेल दारातच नाकारले जातात. तिथे ती ‘रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन’ (परक्या डोमेनचे मेल नाकारणारी अट) हिच्यानंतरच लिहा, नाहीतर बाहेरचे लोक तुमच्या सर्व्हरकरवी जगभरचे पत्ते तपासून घेतील. आधी ‘वॉर्न_इफ_रिजेक्ट’ (न नाकारता फक्त लॉगमध्ये इशारा लिहिणारी सेटिंग) जोडून काही दिवस लॉग वाचा. नकाराचा कोड मुळात 450 असतो, तो 550, म्हणजे कायमचा नकार, करण्याची घाई नको.

तुमच्या लोकांसाठी ‘रिजेक्ट_अननोन_रिसिपियंट_डोमेन’ लावा. ती फक्त डीएनएस, म्हणजे डोमेनच्या नोंदी, बघते, कोणाला त्रास देत नाही, आणि अस्तित्वातच नसलेलं डोमेन जागीच पकडते. मात्र ती ‘परमिट_मायनेटवर्क्स’ (ऑफिसच्या नेटवर्कला परवानगी देणारी ओळ) हिच्या आधी हवी. ऑफिसातला संगणक त्या ओळीवरच पास होतो, पुढच्या अटी वाचल्याच जात नाहीत. ‘सेटिंग केली तरी चालत नाही’ म्हणणाऱ्यांचं घोडं बहुधा इथेच अडलेलं असतं.

उरलेले बाऊन्स एखाद्या माणसाने रोज वाचावेत. त्यात 5.1.1 हा कोड दिसला तर पत्ताच नाही, तो ॲड्रेस बुकमधून आणि ऑटोकम्प्लीटमधूनही काढा. 5.2.2 म्हणजे पेटी भरली आहे आणि 5.7.1 म्हणजे धोरणामुळे नाकारलं. या दोन्हीत पत्ता बरोबर असू शकतो, तो उडवू नका.